पडद्यामागचे कान

१९३१ ह्या सालाच्या आरंभी, जेमतेम एका महिन्याच्या अंतराने, दोन घटना घडल्या. १२ फेब्रुवारी रोजी पोप अकरावे पायस ह्यांनी व्हॅटिकन रेडिओचे उद्घाटन केले आणि संत पेत्राच्या वारसाचा आवाज प्रथमच आकाशमार्गे जगभर पोहोचला. हे केंद्र उभारणारे संशोधक गुलिएल्मो मार्कोनी त्या प्रसंगी जातीने हजर होते. त्यानंतर १४ मार्च रोजी मुंबईत, गिरगावच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात, अर्देशिर इराणी ह्यांचा 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि भारतीय चित्रपटाला वाचा फुटली. ह्या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. तथापि मनुष्याचा आवाज त्याच्यापासून वेगळा करता येतो, दूर नेता येतो आणि चित्राच्या ओठांवर ठेवताही येतो, ही जाणीव त्या एका वर्षाने रोमपासून गिरगावापर्यंतच्या सामान्य माणसाला करून दिली.

मार्कोनींचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, कारण त्यांनी यंत्र घडविले. बोलपटातील नटनट्यांची नावे ठाऊक असतात, कारण त्यांचे चेहरे दिसतात. परंतु यंत्र आणि चेहरा ह्यांच्या मध्ये बसून आवाज सांभाळणारा जो तिसरा मनुष्य, त्याचे नाव श्रेयनामावलीत क्षणभर येते आणि निघून जाते. प्रस्तुत लेखात आम्ही ह्या तिसऱ्या माणसाचा, म्हणजेच चित्रपटाच्या व चित्रपटसंगीताच्या ध्वनिकाराचा, मागोवा घेणार आहोत. आपल्या धर्मग्रामांतील अनेक तरुण आज ह्या क्षेत्राकडे वळू पाहत आहेत आणि त्यांचे आईवडील काहीशा काळजीने आम्हांला विचारतात, 'ह्यात पोट भरेल काय? नाव होईल काय?' ह्या प्रश्नांना इतिहास काय उत्तर देतो, ते पाहणे अगत्याचे आहे.

आरंभीच संज्ञांचा खुलासा केलेला बरा. चित्रीकरणाच्या जागी किंवा संगीताच्या दालनात मायक्रोफोन लावून आवाज टिपून घेतो तो ध्वनिलेखक किंवा ध्वनिमुद्रक. संवाद, संगीत आणि इतर आवाज ह्यांच्या वेगवेगळ्या पट्ट्या एकत्र करून, कोणता आवाज कोणत्या क्षणी किती असावा हे ठरवितो तो ध्वनिमिश्रक. जुन्या श्रेयनामावल्यांत त्याच्या कामाला 'पुनर्ध्वनिमुद्रण' म्हणत. आणि संपूर्ण चित्रपट कानाला कसा भासावा ह्याचा आराखडा जो आधीपासून मनाशी बांधतो, तो ध्वनिसंकल्पक. पहिल्या दोघांचे काम बोलपटाइतकेच जुने आहे. तिसऱ्याची संज्ञा १९७९ सालच्या 'अपोकॅलिप्स नाऊ' ह्या अमेरिकन चित्रपटातील वॉल्टर मर्च ह्यांच्या कामानंतर रूढ झाली. त्या चित्रपटाच्या आरंभी खोलीतील फिरत्या पंख्यात हेलिकॉप्टरच्या पात्यांचा आवाज मिसळून जातो आणि खाटेवर पडलेल्या सैनिकाच्या मनातील युद्ध अद्याप संपलेले नाही, हे एकही शब्द न उच्चारता प्रेक्षकाला उमगते.

कोल्हापूर व पुण्याचे पहिले धडे

'आलम आरा'च्या वेळी ध्वनिलेखनाचे शास्त्र आपल्याकडे कोणालाच अवगत नव्हते. विल्फर्ड डेमिंग नावाचे अमेरिकन तंत्रज्ञ यंत्रासोबत मुंबईस आले. परंतु पुष्कळसे काम इराणींनी स्वतःच शिकून घेऊन केले. आवाज थेट चित्राच्याच फिल्मवर नोंदला जाई. पात्रांच्या आसपास मायक्रोफोन दडवून ठेवावे लागत. स्टुडिओजवळून रेल्वेगाड्या धडधडत जात असल्यामुळे चित्रीकरण बहुतांशी रात्री, गाड्या थांबल्यानंतर, चाले. म्हणजे आपल्या बोलपटाचा पहिला धडाच असा होता की, आवाज टिपावयाचा तर आधी शांतता मिळवावी लागते. ज्या चित्रपटाने हा धडा दिला, त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही, ही खेदाची गोष्ट होय.

मराठी मुलखात ह्या विद्येचा पाया घातला तो प्रभात फिल्म कंपनीच्या विष्णुपंत दामले ह्यांनी. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या ह्या कंपनीच्या भागीदारांपैकी ते एक. बाबूराव पेंटर ह्यांच्या हाताखाली तयार झालेला हा मनुष्य कोणत्याही अभियांत्रिकी विद्यालयात गेला नव्हता. तरीही १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट प्रभातने काढला, तेव्हा ध्वनिलेखनाची जबाबदारी त्यांनी उचलली. पुढे फत्तेलाल ह्यांच्यासमवेत त्यांनी दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव आज घेतले जाते. ध्वनिलेखक म्हणून मात्र क्वचितच.

त्याच वर्षी, म्हणजे १९३७ साली, प्रभातनेच 'कुंकू' हा चित्रपट दिला. शांतारामबापूंनी ह्यात एक धाडस केले. चित्रपटाला पार्श्वसंगीत दिलेच नाही. जे काही ऐकू येते ते त्या घरातले, त्या रस्त्यावरचे. वृद्ध काकासाहेबांशी लावून दिलेली तरुण नीरा, आणि त्या घरातील भिंतीवरचे घड्याळ. वाद्यवृंदाने रडून सांगावयाचे दुःख तेथे घड्याळाची टिकटिक सांगते. 'ध्वनिसंकल्पन' हा शब्द जन्मण्याच्या चाळीस वर्षे आधी पुण्यातील एका स्टुडिओने ती गोष्ट प्रत्यक्षात करून दाखविली होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दालनातील अंतरे

बोलपटाच्या पहिल्या वर्षांत नट स्वतःच गात असे आणि वादक कॅमेऱ्याच्या दृष्टीआड, एखाद्या झाडामागे किंवा भिंतीमागे, बसून साथ करीत. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस ह्यांनी 'भाग्यचक्र' व त्याची हिंदी आवृत्ती 'धूप छाँव' काढली आणि त्यांचे बंधू, ध्वनिलेखक मुकुल बोस, ह्यांच्या साह्याने गाणे आधी मुद्रित करून पडद्यावर नंतर ओठ हलविण्याची पद्धत आणली. येथूनच पार्श्वगायनाचा प्रारंभ झाला. गाणे चित्रीकरणापासून सुटे झाले आणि ध्वनिमुद्रणाचे स्वतंत्र दालन अस्तित्वात आले.

ह्याच दालनात आपल्या समाजाचा ह्या इतिहासाशी खरा संबंध जुळतो. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. मिस्सेसाठी व सणांसाठी गायकवृंद तयार व्हावा, हा त्यामागील हेतू. ही विद्या शिदोरीसारखी बांधून शेकडो गोमंतकीय कॅथलिक तरुण मुंबईस आले. मूकपटांच्या काळात ते चित्रपटगृहांत प्रत्यक्ष वाजवीत असत. बोलपट आला आणि त्यांची ती भाकरी गेली. काही वर्षांनी त्याच बोलपटाने त्यांना ध्वनिमुद्रणाच्या दालनात पुन्हा बोलावून घेतले, कारण कागदावर लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजवू शकणारे वादक त्यांच्याखेरीज फारसे नव्हते. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील काही नावे. माजोर्ड्याचे गोन्साल्विस हे प्यारेलाल ह्यांचे व्हायोलिनचे गुरू. त्यांनी १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय रागसंगीत व पाश्चात्त्य वाद्यवृंद ह्यांचा संगम घडविणारा कार्यक्रम सादर केला होता. शिष्याने १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तील एका गाण्यात गुरूचे नाव गुंफून आपले ऋण व्यक्त केले. एरवी ह्या वादकांची नावे ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनावर येत नसत.

ह्या वादकांच्या समोर, काचेपलीकडच्या छोट्या खोलीत, ध्वनिमुद्रक बसलेला असे. पाच-पन्नास वादक, गायक आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच मायक्रोफोन. आजच्याप्रमाणे प्रत्येक वाद्य वेगळ्या पट्टीवर घेऊन नंतर कमीजास्त करण्याची सोय नव्हती. मिश्रण करावयाचे ते दालनातील अंतरांनीच. गायिकेला मायक्रोफोनजवळ उभे करावयाचे, व्हायोलिनच्या रांगा मध्यावर, पितळी वाद्ये दूर, तालवाद्ये त्याहून दूर. 'तुम्ही दोन पावले मागे सरका', 'ढोलकीवर कापड टाका', अशा सूचनांनी गाण्याचा तोल साधला जाई. एका वादकाची चूक झाली की सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून. प्रकाशाच्या रेषेने फिल्मवर आवाज नोंदला जाई त्या काळात तर फिल्म धुऊन आल्याखेरीज ती ऐकताही येत नसे. चुंबकीय फीत आल्यावर तात्काळ ऐकण्याची सोय झाली. पण एकाच दमात सर्वांनी वाजविण्याची शिस्त पुढेही दीर्घकाळ टिकली.

ताडदेवच्या फेमसमधील मिनू कात्रक आणि मेहबूब स्टुडिओशी संबंधित आर. कौशिक हे ह्या काळातील मान्यवर ध्वनिमुद्रक. वांद्रे येथील मेहबूब स्टुडिओ १९५४ साली उभा राहिला. माउंट मेरीच्या यात्रेला जाणाऱ्या आपल्या वाचकांपैकी कित्येक त्याच्या जवळून गेले असतील. 'मदर इंडिया'च्या ध्वनीसाठी कौशिक ह्यांना १९५८ साली फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. त्या चित्रपटातील नर्गिसचे काम आणि नौशाद ह्यांचे संगीत आजही लोकांच्या तोंडी आहे. तो आवाज ज्यांनी तोलला, त्यांचे नाव किती जणांना ठाऊक असेल?

मिश्रणाचा टेबल

शांतारामबापूंनी १९४२ साली प्रभात सोडून मुंबईत परळ येथे राजकमल कलामंदिर स्थापन केले. ह्या वास्तूतील ध्वनिमिश्रणाच्या कक्षात मंगेश देसाई बसत असत. मराठी माणसाने अभिमान बाळगावा असे हे नाव. हिंदी चित्रपटांचे निर्माते तर त्यांच्याकडे येतच. सत्यजित राय ह्यांच्यासारखा काटेकोर दिग्दर्शकही त्यांच्या कानावर विसंबे.

त्या काळच्या मिश्रणाचे स्वरूप समजून घेतले म्हणजे त्या कामातील कस कळतो. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मचे हजार फुटांचे एक रीळ सुमारे अकरा मिनिटे चालते. संवादांच्या पट्ट्या, पावलांचे, दारांचे, वाऱ्याचे आवाज असलेल्या पट्ट्या आणि संगीताची पट्टी अशा अनेक पट्ट्या वेगवेगळ्या यंत्रांवर चढवून त्या चित्राबरोबर एकाच वेळी चालवावयाच्या. मिश्रकाचे डोळे पडद्यावर, बोटे टेबलावरील कळांवर. संवाद सुरू झाला की संगीत खाली, घोडा दौडत दूर गेला की टापा हळूहळू विरत गेलेल्या. दहाव्या मिनिटाला बोट चुकले तर जुन्या यंत्रांवर रीळ मागे नेऊन पुन्हा पहिल्यापासून. संगणकाच्या स्मरणात काहीही साठवून ठेवण्याची सोय नव्हती. जे काही स्मरण होते ते मिश्रकाच्या बोटांत आणि कानांत.

१५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या 'शोले'चे पुनर्ध्वनिमुद्रण देसाई ह्यांचे. सत्तर मिलिमीटरच्या प्रतींच्या स्टिरिओफोनिक ध्वनीचे काम इंग्लंडमध्ये पार पडले. गब्बरसिंगच्या प्रथम प्रवेशाचा प्रसंग आठवावा. चेहरा दिसण्यापूर्वी खडकावरील बुटांचा आवाज येतो, आणि त्यापाठोपाठ फरफटत जाणाऱ्या पट्ट्याची धातूची घासट. भय कानातून आत शिरते. डोळ्यांना ते नंतर दिसते. ठाकुराच्या कुटुंबाच्या हत्येच्या प्रसंगात तर गोळ्यांपेक्षा रिकाम्या झोपाळ्याची करकर अधिक काळ मनात राहते. ह्या चित्रपटाच्या नुसत्या संवादांच्याही ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि लोकांनी त्या घरोघरी वाजविल्या. पाहावयाचा चित्रपट लोक ऐकू लागले, ह्याहून ध्वनिकारांचा मोठा विजय तो कोणता? आणि तरीही त्या संवादांबरोबर लोकांच्या ओठांवर नावे राहिली ती नटांची व लेखकांची.

शाळा आणि नवी यंत्रे

दामले आणि त्यांच्या पिढीने ही विद्या पाहून, चुकून, पुन्हा करून मिळविली. हाताखाली काम करीत शिकावे, हीच रीत. १९६० साली पुण्यातील प्रभातच्याच आवारात शासनाने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली आणि ज्या भूमीवर 'कुंकू'तील घड्याळाचे ठोके मुद्रित झाले होते, तेथेच ध्वनिलेखनाचे पद्धतशीर शिक्षण मिळू लागले. अशा शिक्षितांचा ठसा समांतर चित्रपटावर उमटला. १९७८ सालच्या 'जुनून'साठी हितेंद्र घोष ह्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

ह्याच काळात लोकप्रिय चित्रपटात मात्र एक उलटा प्रवाह होता. बाह्यचित्रीकरणासाठी वापरले जाणारे हलके कॅमेरे इतका आवाज करीत की जागेवर मुद्रित केलेला संवाद निरुपयोगी ठरे. म्हणून नटांनी नंतर बंद खोलीत येऊन ओठांबरहुकूम पुन्हा बोलावयाचे, ही डबिंगची पद्धत सार्वत्रिक झाली. सोय झाली, पण पर्वतावर काय, माजघरात काय, सगळीकडे माणसे एकाच खोलीत बोलल्यासारखी वाटू लागली. १९९४ साली '१९४२ : अ लव्ह स्टोरी'ने हिंदी चित्रपटात डॉल्बी स्टिरिओ आणला आणि चित्रपटगृहांतील ध्वनी सुधारला. २००१ च्या 'लगान'ने मुद्दाम मागे वळून, कच्छच्या माळावर जागच्या जागी संवाद मुद्रित केले. त्या ध्वनीसाठी एच. श्रीधर व नकुल कामटे ह्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चेन्नईत ए. आर. रहमान ह्यांच्या ध्वनीचे शिल्पकार मानले गेलेले श्रीधर २००८ साली अकाली निधन पावले.

त्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी, २२ फेब्रुवारी २००९ रोजी, 'स्लमडॉग मिलिओनेर'च्या ध्वनिमिश्रणासाठी रेसुल पुकुट्टी ह्यांना इयन टॅप व रिचर्ड प्राइक ह्यांच्यासमवेत ऑस्कर पुरस्कार मिळाला. केरळातील एका खेड्यातून येऊन पुण्याच्या संस्थेत शिकलेल्या ह्या तंत्रज्ञाने मुंबईच्या गर्दीतील आवाज गर्दीतच उभे राहून टिपले होते. पुरस्कार स्वीकारताना त्यांनी भारताच्या 'ओम्' ह्या शब्दाचा उल्लेख करून त्याच्या आधी व नंतर असलेल्या शांततेविषयी सांगितले. अर्देशिर इराणींनी गाड्या थांबण्याची वाट पाहिली होती. तेव्हापासून ऑस्करच्या व्यासपीठापर्यंत ध्वनिकाराचे भांडवल शांतता हेच राहिले आहे.

नफा, तोटा आणि न्याय

हा इतिहास केवळ प्रगतीचा आहे, असे मात्र समजू नये. प्रत्येक नव्या यंत्राने कोणाची तरी भाकरी हिरावून घेतली. अनेक पट्ट्यांवर वेगवेगळे मुद्रण करता येऊ लागले, तेव्हा पन्नास वादकांनी एकत्र बसण्याची गरज उरली नाही. सिंथेसायझर व संगणक आले, तेव्हा व्हायोलिनच्या रांगांचीही गरज उरली नाही. १९९० च्या दशकात मुंबईच्या दालनांतील मोठे वाद्यवृंद एकामागून एक पांगले. गोव्याच्या चर्चशाळेतून निघालेली ती परंपरा मुंबईच्या चित्रपटसृष्टीत जवळजवळ संपुष्टात आली. दैवदुर्विलास असा की, २०१६ साली 'सैराट'साठी अजय-अतुल ह्यांना पाश्चात्त्य वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजवून हवा होता, तेव्हा ते लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर गेले. मराठी चित्रपटाने इतके दूर जावे ह्याचा अभिमान वाटतोच. पण एके काळी ताडदेव व वांद्रे येथे जी रांग बसत होती, ती आठवून मन थोडे खिन्नही होते. त्याच 'सैराट'चा शेवट मात्र सर्व संगीत बाजूला सारतो. लहान मूल रडत चालू लागते आणि आपल्याला काहीही ऐकू येत नाही. 'कुंकू'नंतर जवळजवळ आठ दशकांनी मराठी चित्रपटाने पुन्हा एकदा नीरवतेवर विश्वास टाकला.

न्यायाचा प्रश्नही आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार चित्रपटाचा किंवा ध्वनिमुद्रणाचा 'कर्ता' म्हणजे त्याचा निर्माता. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार ह्यांचा मानधनातील वाटा अबाधित केला, गायक-वादकादी कलावंतांच्या हक्कांनाही बळ दिले. ध्वनिमुद्रक व ध्वनिमिश्रक मात्र ह्यांपैकी कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. ज्याच्या कानाने तो आवाज घडविला, त्याला ठरलेली रक्कम एकदा मिळते. गाणे पुढे पन्नास वर्षे वाजत राहिले तरी त्याचा त्याच्याशी संबंध उरत नाही. 'मजुराला त्याचे वेतन योग्यच आहे' ही शिकवण मानणाऱ्या समाजाने ह्या गोष्टीचा विचार करावयास हवा.

आईवडिलांच्या प्रश्नाकडे

आता पुन्हा त्या प्रश्नाकडे वळू. ह्यात पोट भरेल काय? इतिहास असे सांगतो की भरते, परंतु बेताने आणि अनियमितपणे. बहुतेकांना महिन्याचा पगार नसतो. एकेका कामागणिक मोबदला ठरतो. आरंभीची काही वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली, रात्री-अपरात्री जावे लागते. शिक्षणाच्या सोयी आहेत. पुण्याची संस्था आहे, १९९५ पासून कोलकात्यात सत्यजित राय ह्यांच्या नावाची संस्था आहे, मुंबईत येशूसंघीयांनी १९६९ साली स्थापन केलेली झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स माध्यमांचे शिक्षण देते. शिवाय चित्रपट हे एकच क्षेत्र नव्हे. नभोवाणी, दूरचित्रवाणी, जाहिराती, नाटक, संगीताचे कार्यक्रम, सर्वत्र ह्या माणसाची गरज पडते.

नाव होईल काय? बहुधा नाही. ह्या व्यवसायाचे वैशिष्ट्यच असे की काम उत्तम झाले तर ते कोणाच्या लक्षात येत नाही आणि बिघडले तर सर्वांच्या लक्षात येते. चर्चमध्ये ध्वनिक्षेपकाच्या खोक्याजवळ बसणाऱ्या मुलाला हे चांगले ठाऊक असते. प्रवचन स्पष्ट ऐकू आले तर लोक धर्मगुरूंची प्रशंसा करतात. शिट्टी वाजली तर सगळे मागे वळून त्या मुलाकडे पाहतात.

मग ह्या मार्गाने का जावे? आमच्या मते ह्या इतिहासाचे खरे सार येथेच आहे. नव्वदाहून अधिक वर्षांत यंत्रे किती तरी वेळा बदलली. प्रकाशरेषा गेली, चुंबकीय फीत गेली, टेबलावरील कळा संगणकाच्या पडद्यावर गेल्या. ज्यांनी केवळ यंत्र शिकून घेतले, ते यंत्राबरोबर मागे पडले. ज्यांनी ऐकावयास शिकून घेतले, त्यांना प्रत्येक नव्या यंत्रापुढे जागा मिळाली. दामले ह्यांना पदवी नव्हती, देसाई ह्यांच्याजवळ संगणक नव्हता. त्यांच्याजवळ कान होता. म्हणून मुलामुलींना ह्या वाटेवर पाठवावयाचे असेल तर महागडे यंत्र घेऊन देण्यापूर्वी त्यांना ऐकावयाची सवय लावावी. स्वरलिपी शिकवावी, गायकवृंदात उभे करावे, पहाटेची विहिरीवरची व दुपारची बाजारातली वेगवेगळी कुजबुज ओळखावयास सांगावे. आणि त्यांचे कान जपावे. पंच्याऐंशी डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तासांपेक्षा अधिक काळ राहू नये आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला हा काळ निम्मा करावा, असा जाणकारांचा दंडक आहे. लग्नाच्या मांडवातील भिंतीएवढ्या कर्ण्यांपुढे नाचणाऱ्या मुलांना हे सांगणे आईवडिलांचेच काम.

श्रद्धा श्रवणाने येते, असे संत पौलाने रोमकरांना लिहिले. होरेब पर्वतावर एलिया संदेष्ट्याला परमेश्वर वादळात भेटला नाही, भूकंपात नाही, अग्नीतही नाही. त्यानंतरच्या मंद स्वरात भेटला. ऐकणे ही आपल्या परंपरेत मुळातच आदराची गोष्ट आहे. जो मनुष्य आयुष्यभर इतरांचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून झटतो आणि स्वतः ऐकू येत नाही, त्याच्या श्रमाला केवळ तांत्रिक काम म्हणून बाजूला सारणे आपल्याला शोभणार नाही.

शेवटी एक विनंती. आपल्या धर्मग्रामांत असे काही वृद्ध अद्याप हयात असतील, ज्यांनी मुंबईच्या दालनांत व्हायोलिन किंवा ट्रम्पेट वाजविले, तारा ओढल्या, मायक्रोफोन हलविले, रिळे वाहिली. कोणत्या गाण्याच्या वेळी कोठे बसलो होतो, कोणी किती पावले मागे सरकावयास सांगितले, रात्रीची शेवटची गाडी चुकल्यावर कोठे झोपलो, हे त्यांना आठवत असेल. 'आलम आरा'ची प्रत हरवली, तशा ह्या आठवणीही हरवतील. नातवंडांनी त्यांच्याजवळ बसून त्या विचाराव्यात, तारीख-वार घालून वहीत लिहून ठेवाव्यात, शक्य असल्यास त्यांच्याच आवाजात मुद्रित करून ठेवाव्यात. तेवढे झाले तर ज्यांनी इतरांचे आवाज जपले, त्यांपैकी निदान काहींचा आवाज आपल्यापाशी राहील.